विहिरीकडचं दार

चिंचेचं पान एवढंसं असतं की केसात अडकलं तर विंचरेपर्यंत कळत नाही.

चंडीगढमध्ये बरीच वर्षं तेरा नंबरचा सेक्टर नव्हता. मग मनीमाजऱ्याला तो नंबर देऊन टाकला. शहरात मागाहूनही काही घालता येतं.

जाजम धुवायचं नसतं. झटकायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा गुंडाळायचं.

छातीचा एक्स-रे बघताना डॉक्टरच्या उजव्या हाताला पेशंटची डावी बाजू येते. नव्या पोरांना हे सांगावं लागतं. जुन्यांना नाही.

मैदानावर रेषा मारायची चुन्याची फक्की सेक्टर बावीसच्या बाजारात पोत्यानं मिळते. दुकानदार विचारतो, "मैच कित्थे है जी?"

आशीर्वादाच्या सकाळी नवरीनं पळू नये असं कुठंही म्हटलेलं नाही.

माप

ओजस्विनी पळत होती. ट्रॅकपँट, हेरंबचा जुना स्वेटर, कोपरापर्यंत मेंदी आणि हातात जाजमाचं एक टोक. दुसरं टोक हेरंबच्या हातात. त्यांची लग्नाची सही परवा झाली होती, जेवण उद्या होतं. आज होता आशीर्वाद, आणि आशीर्वादासाठी इमारत अजून तयार नव्हती.

"पलट!" ती ओरडली.

हेरंबनं जाजम पुढं उलटवलं. जिथं टोक पडलं तिथं तिच्या बाबांनी, देवदत्तनं, गवतावर चुन्याची चिमूट टाकली. "तीन."

"चार, बाबा!"

"तीन. पहिलं आपण उंबऱ्याच्या बाहेर धरलं होतं."

"उंबरा है कहाँ?"

"तेच तर. उंबऱ्यासकट मोजायचं की सोडून?"

"बाबा, यार!"

"यार म्हणू नकोस बापाला. चल, परत पहिल्यापासून."

आणि तिघंही पुन्हा पार्कच्या टोकाला पळाले. देवदत्तला धाप लागली होती, गुडघा दुखत होता, आणि आपण इतके खुश का आहोत हे त्याला कळत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर माणूस सहसा चर्च बांधत नाही. बांधलं तर मोहालीच्या एखाद्या प्लॉटवर, कर्ज काढून. हे चर्च फुकट होतं आणि दुपारपर्यंत उभं राहणार होतं. उभं म्हणजे आडवं. गवतावर, चुन्याच्या रेषांनी, पूर्ण मापाचं.

नगरच्या त्या चर्चमध्ये बाक नव्हते. लोक जमिनीवर बसत. दर शनिवारी संध्याकाळी जाजमं अंथरायचं काम चक्रनारायणांच्या घराकडे होतं, पणजोबांपासून. त्यामुळे चर्च किती फूट लांब हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. किती जाजमं लांब हे सगळ्यांना ठाऊक होतं: सात लांब, चार रुंद. चर्च उतरवलं तेव्हा मंडळीतल्या प्रत्येक घरानं काहीतरी नेलं. कोणी कौलं, कोणी खिडकीची चौकट. यांच्या वाट्याला एक जाजम आलं. पन्नास वर्षं ते चंडीगढमध्ये दिवाणाखाली गुंडाळून पडलं होतं. आता तेच या शहरातली एकमेव खरी मोजपट्टी होती.

"सात!" ओजस्विनी ओरडली, आणि थांबली. सातव्या जाजमाचं टोक ओपन जिमच्या सायकलवर चढलं होतं.

"वेदी सायकलवर आली," हेरंब म्हणाला.

"चलेगा," ओजस्विनी म्हणाली आणि गवतावर आडवी पडून हसायला लागली.

अट

अट आजोबांची होती.

तीन आठवड्यांपूर्वी जेवताना ओजस्विनीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आजोबा, आशीर्वाद तुम्हीच द्यायचा. पाळकसाहेब नकोत. तुम्ही."

गोपीनाथ चक्रनारायण पीजीआयमधून एक्स-रेचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले. सेक्टरमध्ये त्यांचं आडनाव कोणाला पेलत नाही, म्हणून सगळे त्यांना चक्कर साब म्हणतात. त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली आणि ताटाकडेच बघत म्हणाले, "देईन. विहिरीकडच्या दारातून आत येशील तर. ज्या दारातून माझी आई नवरी होऊन गेली."

ते चर्च पडून सत्तावन्न वर्षं झाली होती.

वसुधाला, म्हणजे ओजस्विनीच्या आईला, हा नकार वाटला. तिनं ताटं उचलता उचलता मनात उत्तरही जुळवलं: मुलगा हिंदू आहे म्हणून सरळ नाही म्हणा ना, पप्पा, विहिरीत कशाला ढकलता. हेरंबलाही नकारच वाटला. देवदत्तला वाटलं बाबा विसरायला लागले. फक्त ओजस्विनीला ती अट वाटली. ती नॉलेज सिटीतल्या संशोधन संस्थेत काम करते. तिथं अशक्य गोष्ट सांगितली की लोक आधी विचारतात, साइज काय.

"कितना बड़ा था, आजोबा?" तिनं विचारलं.

"काय?"

"चर्च."

गोपीनाथांनी मान वर केली.

गवंडी, खिडक्या, मनोरा

नगरहून लताआत्या आली आणि चर्च मोठं व्हायला लागलं.

लता गोपीनाथांची धाकटी बहीण, एकोणऐंशी वर्षांची. स्टेशनवरून घरी येईपर्यंत कॅबवाल्याचं सगळं कुळ तिला पाठ झालं होतं. घरात पाऊल टाकताच म्हणाली, "सलाम, सलाम. हेरंब तूच का? नावातच गणपती आहे, बरं झालं. आमच्या दादाचं विघ्न तूच निस्तर."

मग बहीणभाऊ समोरासमोर बसले, आणि मधे कागद घेऊन ओजस्विनी.

"मिशनच्या साहेबानं गवंड्यांना आपल्या गावच्या चर्चचं चित्र दाखवलं," गोपीनाथ सांगायला लागले. "अमेरिकेतलं. लाकडी, पांढरं, टोकदार."

"आणि गवंडी हो हो म्हणाले," लता म्हणाली.

"हो हो म्हणाले. त्यांनी जन्मभर विहिरी बांधलेल्या, दर्गे बांधलेले. चित्र बघितलं, बाजूला ठेवलं आणि हाताला येत होतं ते बांधलं."

"काळा दगड, चुना."

"कमानी दर्ग्यासारख्या. मनोऱ्यावर कमळाची कळी."

"साहेब रडला म्हणे."

"रडला नाही. कळीत क्रूस खोवला आणि म्हणाला, इट विल डू."

"खिडक्या सांग ना, दादा."

"खिडक्या खाली होत्या. गुडघ्याएवढ्या. लोक जमिनीवर बसायचे ना, मग बसल्यावर हनुवटीशी चौकट यायची. बसल्या बसल्या सगळं आवार दिसायचं. विहीर, चिंच, पाळकांच्या कोंबड्या."

"आणि कीर्तन असलं की गल्लीतले लोक बाहेर उकिडवे बसून आत डोकवायचे. पाठीमागं नुसती मुंडकी." लता हसायला लागली. "एकदा कोंबडी आत आली, आठवतं? ऐन प्रार्थनेत. आणि दाद्या, तू..."

"ते नको सांगूस."

"तिच्यामागं वेदीपर्यंत!"

"सांगू नकोस म्हटलं ना!"

ओजस्विनी भराभर काढत होती. वसुधा दारात लाटणं घेऊन उभी होती. पप्पांना असं हसताना तिनं सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. स्मिता चक्रनारायण गेल्या त्याला सहा वर्षं झाली.

"मनोरा पुढं," गोपीनाथ म्हणाले. "थोडा कललेला."

"पहिल्यापासून," लता म्हणाली.

"पुरुष पुढच्या दारानं. बायका आणि नवरी विहिरीकडच्या दारानं."

"अगदी."

"म्हणजे उजव्या हाताला."

"डाव्या," लता म्हणाली.

"काय डाव्या?"

"विहीर डाव्या हाताला होती, दादा."

"उजव्या."

"मी त्या विहिरीचं पाणी भरलंय!"

"आणि मी काय सोडावॉटर प्यायलो?"

ओजस्विनीची पेन्सिल कागदावर थांबली. पलीकडे तेल तापून धूर येत होता. वसुधा म्हणाली, "अगं बाई, करंज्या!" आणि पळाली.

पक्ष

त्या संध्याकाळपासून घरात दोन पक्ष झाले.

वसुधा आधी सासऱ्यांच्या बाजूनं होती. घर त्यांचं, आठवण त्यांची, आशीर्वाद त्यांचा. पण लताआत्यानं तिला करंज्यांची मुरड घालून दिली, तिच्या बटाट्याच्या भाजीला नावं ठेवली नाहीत, आणि पंचवीस वर्षांत या घरात कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं, "तू थकत नाहीस का गं?" दुसऱ्या दिवशी वसुधा डाव्या हाताची झाली.

देवदत्त आधी आत्याच्या बाजूनं होता, कारण लहानपणी नगरला गेल्यावर तीच त्याला आइसफ्रूट घेऊन द्यायची. बायको तिकडे गेल्यावर तो बापाकडे आला. घरातल्या घरात समतोल हवा, असं त्याचं म्हणणं.

हेरंब कोणाच्याच बाजूनं नव्हता. तो सेक्टर बावीसमध्येच खोली घेऊन राहायचा, मोहालीत सॉफ्टवेअर लिहायचा, आणि त्याला वाटायचं की प्रश्न सुटत नसेल तर दोन्ही पर्याय चालू ठेवावेत.

"दोन्हीकडे दार ठेवू या," तो म्हणाला.

"दोन्हीकडे दार?" गोपीनाथ म्हणाले. "चर्च आहे की धर्मशाळा?"

"म्हणजे तुम्हाला पटेल त्यातून..."

"मला पटायचा प्रश्न नाही. विहीर एकच होती." ते उठले. दारापाशी थांबून, मागं न वळता बोलले. "माझं लग्न शाळेच्या हॉलमध्ये लागलं. फळ्यावर अर्धं गणित होतं, कोणी पुसलं नाही. स्मिता म्हणाली, जाऊ दे, देव काय फळा वाचत बसणारे. पण मी वाचला. चर्च त्याच्या दोन वर्षं आधीच उतरवलं होतं ना. पावसात मनोरा खचला आणि आम्हीच, मंडळीनंच, एकेक दगड उतरवला. मला वाटलं होतं आपल्या घरात निदान कोणीतरी... नीट. आईसारखं. आता लता म्हणणार विहीर डावीकडे, मी म्हणणार उजवीकडे. जे दार दोघांना आठवत नाही त्या दारातून पोरीला आणून काय करू?"

ते आत गेले.

मग ओजस्विनी म्हणाली, "तो नकार नव्हता, आई."

"कळलं मला," वसुधा म्हणाली. तिनं डोळे पदरानं पुसले आणि एकदम हसली. "फळ्यावर गणित! मला लग्नाच्या आधी कोणी सांगितलं नाही हे."

भिंत

म्हणून रविवारी सकाळी, फेब्रुवारीच्या उन्हात, चर्च पूर्ण झालं ते दोन्हीकडे दारं ठेवून. डावीकडे एक फट, उजवीकडे एक फट. वसुधानं खिडक्यांच्या कमानी रांगोळीनं काढल्या, टोकदार, दर्ग्यासारख्या. मनोऱ्याच्या टोकाला तिनं गुलाबी रंगाची कमळकळी काढली. ती शेजाऱ्यांच्या उभ्या गाडीच्या चाकाखाली अर्धी गेली.

पार्कमध्ये रोज सकाळी हास्यक्लब भरतो. त्या दिवशी वेदीच्या जागेवर बारा-पंधरा म्हातारे हात वर करून हा हा हा, हो हो हो करत होते. त्यांच्या प्रमुख बिंद्रा आंटी. त्यांनी लांबून चुन्याच्या रेषा पाहिल्या आणि ओजस्विनीला हाक मारली. "बेटे, ये क्या बन रहा है?"

"चर्च, आंटी. आजोबांच्या गावचं. टूट गया था."

"अच्छा?" बिंद्रा आंटींनी हात खाली केले. "सॉरी सॉरी, हमें क्या पता, हम तो अंदर ही हँस रहे हैं!" त्या रेषांच्या कडेकडेनं चालत पुढच्या दारापाशी आल्या, तिथून बाहेर पडल्या, वळल्या. मग पायातले बूट काढले, चुनरी डोक्यावर घेतली आणि आत आल्या. त्यांच्यामागं अख्खा हास्यक्लब रांगेत बाहेर गेला आणि बूट काढून आत आला. मनोऱ्यापाशी स्पोर्ट्स शूजची ओळ लागली.

पार्कसमोरच्या घराच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या गोपीनाथांनी हे पाहिलं. नगरला दारापाशी अशाच वहाणांची ओळ असायची. उपासना संपल्यावर त्यातल्या दोन-चार हमखास बदलायच्या. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. पण ते उठले नाहीत. आत बसायला बोलवत होते सगळे. मी इथूनच बघतो, असं ते म्हणाले होते.

हेरंब दोन्ही हातात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत घेऊन येत होता. पुढचं काही दिसत नव्हतं. पार्कचं गेट, गवत, आणि मग तो सरळ चुन्याची रेषा ओलांडून...

"अरे, भिंत!" गोपीनाथ ओरडले.

हेरंब दचकून जागीच थांबला. एक पाय आत, एक बाहेर.

"भिंतीतून चाललायस! डोळे आहेत का? दीड हात जाड दगड आहे तो!"

हेरंबनं हळूच आतला पाय बाहेर घेतला. खुर्च्या सांभाळत तो रेषेच्या कडेकडेनं निघाला, कोपऱ्यावर वळला आणि पुढच्या दारापाशी आला. तिथं खुर्च्या खाली ठेवून त्यानं बूट काढले.

पहिल्यांदा लता हसली, मग वसुधा. मग बिंद्रा आंटी, ज्यांना मराठी येत नव्हतं, पण हसण्याचा अनुभव दांडगा होता. गोपीनाथ व्हरांड्यात उभे होते. आपण कधी उठलो हे त्यांना कळलं नव्हतं.

बाजाची पेटी

आता फक्त दार उरलं.

गोपीनाथ पार्कच्या गेटपर्यंत आले. मधल्या जाजमावर, तेवढ्याच एका जाजमावर, नवरानवरीची जागा केली होती. ओजस्विनी घरात जाऊन कपडे बदलून आली, पांढरी साडी, आजीची. पायात मात्र पळायचे बूट राहिले होते. ते तिला वसुधानं दटावून काढायला लावले.

"कुठल्या दारानं?" तिनं आजोबांना विचारलं.

गोपीनाथांनी लताकडे पाहिलं.

लताला ती नजर ओळखीची होती. दाद्या लहानपणी गोट्यांचा डाव हरायला आला की असाच बघायचा. नुसतं हो म्हण, ही विनवणी त्या नजरेत होती. आणि हो म्हणणं सोपं होतं. उजवीकडे, दादा, मीच विसरले. एवढं म्हटलं की पोर आत येईल, आशीर्वाद होईल, करंज्या निघतील. पण बावीस वर्षांची होईपर्यंत दर रविवारी ती त्या चर्चमध्ये बसली होती. डावीकडच्या खिडकीतून तिला विहिरीचा रहाट दिसायचा. तिचं चर्चही उतरवलं होतं. ते आता दुसऱ्यांदा, स्वतःच्या तोंडानं उतरवायचं?

"डावीकडे होती, दादा," ती म्हणाली. "मी खोटं नाही सांगू शकत."

"मलाही नाही येत," गोपीनाथ म्हणाले.

"मग करू या काय?" देवदत्त म्हणाला.

ओजस्विनी डाव्या फटीकडे बघत होती, उजव्या फटीकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि तरी तिला हसू येत होतं. असली भांडणं कोणाच्या नशिबात असतात! "आत्याआजी," ती म्हणाली, "तू बैठती कहाँ थी?"

"मी? माझ्या जागेवर."

"दाखव ना. चल. बस."

लता पुढच्या दारानं आत गेली. चपला काढल्या. जाजमाला वळसा घालून, हास्यक्लबाला बाजूला सारून, ओपन जिमच्या सायकलपाशी गेली. हेरंबनं खुर्ची आणून दिली. तिनं खुर्चीकडे पाहिलं, नको म्हणाली, आणि वेदीच्या चौथऱ्याच्या चुन्याच्या रेषेवर मांडी घालून बसली. समोर नसलेल्या पेटीचा भाता डाव्या हातानं दाबला, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला.

तेव्हा कुठं वसुधाच्या लक्षात आलं. "आत्या, तुम्ही बाजाची पेटी वाजवायचात?"

"मग काय! बाराव्या वर्षापासून."

"म्हणजे तुमचं तोंड..."

"लोकांकडे. लोकांकडे बघितल्याशिवाय त्यांना सूर कसा लावायचा? आणि ही खिडकी. हा रहाट." तिनं भात्यावरचा डावा हात उचलून बाहेर दाखवला. "डावीकडे."

तिचा हात उजव्या फटीकडे होता.

गोपीनाथ गेटपाशी उभे राहून बहिणीच्या हाताकडे बघत राहिले. त्यांनी आपला उजवा हात हळूहळू उचलला. दोघांची बोटं एकाच जागेकडे, फुलांच्या वाफ्याजवळच्या एका मोकळ्या गवताकडे आली.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं. माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचं हृदय तुमच्या उजव्या हाताला दिसणार. चाळीस वर्षं! आणि घरातली एक फिल्म..."

त्यांचे खांदे हलायला लागले. देवदत्त घाबरून पुढं धावला, पण म्हातारा हसत होता. कमरेत वाकून, गेटच्या दांड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"दाद्या, गाढवा," चौथऱ्यावरून लता ओरडली, "तू कधी मागं वळून बघितलंच नाहीस!"

"आणि तू कधी पुढं बघितलं नाहीस!"

"मैं पूछूँ, हो क्या गया?" बिंद्रा आंटी.

"विहीर मिल गई, आंटी!" ओजस्विनी म्हणाली.

"वाहेगुरू," बिंद्रा आंटी म्हणाल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. हास्यक्लबनं साथ दिली.

वसुधा रांगोळीचा डबा घेऊन डाव्या फटीकडे धावली आणि दोन हातांनी भिंत भरून टाकली. हेरंबनं मोकळ्या गवतावर चुन्यानं एक मोठं वर्तुळ मारलं. "विहीर," तो म्हणाला. मग गोपीनाथांकडे बघून, "कठडा किती उंच होता, आजोबा?"

"कमरेएवढा. त्याच्यावर बसू नकोस. आई रागवायची."

आत

ती विहिरीकडच्या दारातून आली.

गोपीनाथ पुढं, तिचा हात धरून. उंबरा आला तेव्हा त्यांनी पाय उंच उचलला, आणि तिनंही उचलला. हेरंब जाजमावर बसला होता. लतानं नसलेली पेटी वाजवली आणि खरं गीत म्हटलं, जुनं, कीर्तनातलं. तिच्या आवाजाला आता वरचा सूर पोचत नव्हता. तो देवदत्तनं लावला, बेसूर. हास्यक्लब मागं जाजमाशिवाय, गवतावर बसला होता. वसुधा खिडकीपाशी बसली. मांडी घालून बसल्यावर रांगोळीची चौकट आपल्या हनुवटीशी येते आहे असं तिला वाटलं, आणि मोहालीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या हॉर्नमध्ये क्षणभर तिला रहाट करकरल्यासारखा ऐकू आला. पुढं कधी तिनं हे कोणाला सांगितलं नाही.

गोपीनाथांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवले. हेरंबच्या डोक्यावर ठेवताना जरा थांबले.

"तुझ्या घरी चालतं ना रे हे?"

"आईनं करंज्या राखून ठेवायला सांगितल्यात, आजोबा. रात्री पोचतायत."

"मग चालतं," ते म्हणाले आणि डोळे मिटले. "प्रभो, या दोघांना..."

वर पिलखनाचं झाड होतं. चंडीगढमध्ये या दिवसांत पानं गळतात, रस्ते पिवळे होतात, माळी दिवसभर झाडत राहतात. वारा आला. एक पान फिरत फिरत खाली आलं आणि ओजस्विनीच्या केसात, गजऱ्याच्या वर, नेमकं उभं राहिलं.

गोपीनाथांनी एक डोळा उघडला. पान पाहिलं. "या दोघांना..." ते पुन्हा म्हणाले, आणि ओठ दाबले, आणि फुटले. आशीर्वाद देता देता ते हसत होते. हात डोक्यांवर तसेच होते आणि हातांबरोबर दोन्ही डोकी गदगदत होती.

"दादा! अरे, आशीर्वाद दे!" चौथऱ्यावरून लता.

"देतोय! चालूच आहे!"

"अण्णांसारखाच आहेस बघ. आई सांगायची ना, लग्नात तिच्या केसात चिंचेची पानं पडत होती आणि अण्णांना हसू आवरेना, पाळक वैतागले."

"सांगायची," गोपीनाथ म्हणाले, डोळे पुसत. "पण चर्चमध्ये चिंचेची पानं कुठून आली असतील?"

"खिडकीतून. वाऱ्यानं. खाली होत्या ना खिडक्या."

"हां. खिडकीतून," ते म्हणाले. त्यांनी ओजस्विनीच्या केसातलं पान काढलं नाही. हात पुन्हा नीट ठेवले. "प्रभो, या दोघांना हसतं ठेव. आमेन."

"आमेन," चर्च म्हणालं.

"वाहेगुरू," बिंद्रा आंटी म्हणाल्या.

एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात कौलं बदलण्यासाठी चर्चचं छप्पर उतरवलं होतं, आत मातीचा ढीग होता, म्हणून गोपीनाथ आणि लता यांच्या आईवडिलांचं लग्न बाहेर आवारात, विहिरीजवळच्या चिंचेखाली, जाजमं टाकून लागलं.